दस्त्यावरची ओळ

सार्कीवाराच्या शाळेत कालेर्वो युन्तुनेन यांनी एकतीस वर्षं लाकूडकाम शिकवलं. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यामुळे दुकानात, चर्चमध्ये, तळ्यावर बर्फात भोक पाडून गळ टाकून बसले असताना, कुठेही लोक त्यांना मास्तरच म्हणत. खुद्द त्यांची बायको इर्यासुद्धा रागावली की 'मास्तर' म्हणायची.

मास्तर तसे मवाळ, पण एका बाबतीत त्यांनी कधी कुणाचं ऐकलेलं नाही. लाकूड गुळगुळीत झालंच पाहिजे. डोळ्यांनी बघून त्यांचं समाधान होत नसे. ते डोळे मिटून तळवा फिरवायचे आणि कुठे अडलं की काम परत करायला लावायचे. दर जूनमध्ये शाळा सुटली की ते एकटेच कार्यशाळेत जायचे आणि वर्षभरात पोरांनी बाकांवर कोरलेली नावं, बदाम, ट्रॅक्टर, शिव्या असं सगळं रंधा मारून काढून टाकायचे. त्याला ते 'वर्षाचा केर काढणं' म्हणत. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्यासाठी कुणी कधी त्यांचे आभारही मानले नव्हते.

ब्याण्णव साली ते निवृत्त झाले. पहिला महिना त्यांनी सौनाघराचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, छप्पर दुरुस्त केलं, दुसरा महिना होडीला डांबर लावलं, आणि तिसऱ्या महिन्यात इर्याच्या स्वयंपाकघरातले कप्पे उगाचच काढून परत बसवले. तेव्हा इर्या म्हणाली, आता तू स्वतःसाठी काहीतरी काम शोध, नाहीतर मी नोकरी धरते.

मास्तरांच्या मनात एक गोष्ट फार दिवसांपासून होती. एकोणचाळीसच्या शरदात ते सहा वर्षांचे होते. वडील गावच्या नागरी दलात होते आणि दलातली माणसं आपापल्या बंदुका घरीच ठेवत. वडिलांची बंदूक दाराजवळच्या कोपऱ्यात उभी असे. तिच्या नळीच्या टोकाला, नेम धरायच्या काट्याच्या दोन्ही बाजूंना, पोलादाचे दोन कान होते, आमच्याकडच्या शिकारी कुत्र्यांच्या कानांसारखे ताठ. म्हणून त्या बंदुकीला सगळे 'उभ्या कानांची' म्हणायचे. लहानग्या कालेर्वोला त्या कानांना बोट लावायची परवानगी होती, बाकी कशाला नाही. मग वडील ती बंदूक घेऊन सरहद्दीवर गेले. परत आले तेव्हा हातात बंदूक नव्हती, आणि पुढे मरेपर्यंत त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत.

तसली बंदूक मास्तरांना हवी होती. सैन्याच्या कोठारातला जुना माल तेव्हा विकायला निघाला होता. मास्तरांनी रीतसर नेमबाजी मंडळात नाव घातलं, पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याचा अर्ज भरला. तिथला फौजदार त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने 'कशासाठी हवी' या रकान्यापाशी पेन थांबवून विचारलं, "मास्तर, खरं कारण लिहू की चालेल असं?" मास्तर म्हणाले, "नेमबाजी लिही." 

ऑक्टोबरात ते कायानी शहरात गेले. तिथल्या दुकानदाराकडे उभ्या कानांच्या तीन बंदुका होत्या. पहिली स्वच्छ, जणू कुणी वापरलीच नव्हती. दुसरीच्या दस्त्याला तडा. तिसरी कोठारातल्या तेलचरबीने काळीकुट्ट झालेली. पण नळीत डोकावून पाहिलं तर गोळीला पीळ देणारे आतले आटे अगदी कोरे, झगझगीत. तिच्या बर्चच्या लाकडाच्या दस्त्यावर उजव्या बाजूला सुरीने काहीतरी कोरलेलं होतं. दुकानदाराने फडक्याने तिथली चरबी थोडी पुसली आणि म्हणाला, "हिच्यावर कुणीतरी बराच वेळ घालवलाय."

मास्तरांनी नुसतीच मान हलवली. त्यांच्या मनात आलं, नळी उत्तम आहे आणि लाकूड घाणेरडं. हिवाळाभर पुरेल एवढं काम आहे. त्यांनी तिसरी घेतली.

घरी आल्यावर इर्याने पायरीवर उभं करून त्यांचा फोटो काढला. दोन्ही हातांत आडवी बंदूक आणि चेहऱ्यावर इतकं हसू, की इर्या म्हणाली, आपल्या लग्नातसुद्धा तू असा हसला नव्हतास.

हिवाळाभर मास्तर होते ते लाकडाच्या शेडमध्ये. आधी त्यांनी बंदूक पूर्ण सोडवली. एकेक स्क्रू काढून लोणच्याच्या बरणीच्या झाकणांत क्रमाने मांडला. नळी आणि बोल्ट रॉकेलने धुतले. चुलीवर पाणी उकळून त्याने दस्त्याची चरबी काढली, धातूवर गंज आला होता तो बारीक पोलादी लोकरीने, तेल घालून, इतक्या हलक्या हाताने काढला की मूळचा निळसर काळा रंग जागचा हलला नाही. कारखान्याचे शिक्के, क्रमांक, नागरी दलाची खूण, धातूवरचं सगळं त्यांनी जपलं. मंडळातल्या जाणत्यांनी त्यांना तसं बजावलंच होतं. लाकडाबद्दल त्यांना कोण काय बजावणार? लाकडातलं त्यांनाच सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

जानेवारीच्या एका सकाळी त्यांनी दस्ता पकडीत अडकवला. चरबी निघाल्यावर कोरीव काम स्वच्छ दिसत होतं. एक घर, त्याला धुराडं, बाजूला एक लांब तिरकी रेघ, आणि खाली अक्षरांची एक ओळ. मास्तरांनी पाहिलं, पण बाकांवरचं बघावं तसं पाहिलं. सुरी चांगलीच खोल गेली होती. म्हणजे किती जाडीचं लाकूड काढावं लागेल याचा त्यांनी अंदाज घेतला. मग छोटा रंधा घेतला, त्यानंतर पातं, त्यानंतर पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. दुपारच्या कॉफीला आत येईपर्यंत ती बाजू कोरी झाली होती. खालून पांढरंशुभ्र बर्च निघालं होतं, त्यात रेशमासारख्या लहरी. मास्तर इर्याला हात धरून ते दाखवायला घेऊन गेले.

पुढे जवसाच्या तेलाचे आणि पाइनच्या डांबराचे सात हात झाले. मार्चमध्ये मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्या बंदुकीभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती. मंडळाचे एक वयस्कर सभासद दस्त्यावरून हात फिरवून एवढंच म्हणाले, "फार नवी झाली हो, मास्तर." मास्तरांना ती शाबासकी वाटली. आमच्या तालुक्याच्या वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी आली होती, तिने फोटो काढला आणि चार गोष्टी विचारल्या. मास्तरांनी हौसेने सांगितलं: लाकडाची पार दुर्दशा होती, कुणा शिपायाने घर काढलं होतं, खाली काहीबाही लिहिलं होतं, आता हात लावून बघा.

ते सगळं तसंच्या तसं छापून आलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. बाईचा आवाज होता, म्हातारा पण खणखणीत. तिने आपलं नाव हेल्वी तोलोनेन सांगितलं, कुह्मोला राहते म्हणाली, आणि गुरुवारच्या बसने आले तर चालेल का, असं विचारलं. कशासाठी ते सांगितलं नाही. मास्तरांनीही विचारलं नाही.

रस्त्यावर अर्धवट वितळलेला बर्फ होता. हेल्वीबाईंनी दारात बूट काढले, पिशवीतून घरातले मोजे काढून घातले आणि टेबलाशी बसल्या. वय सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, लग्न केलेलं नाही, एवढं कॉफीच्या पहिल्या कपात कळलं. वेलदोड्याच्या पावाचं त्यांनी कौतुक केलं. हवेबद्दल बोलणं झालं. दुसरा कप ओतल्यावर त्यांनी पर्स उघडली, वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि त्याच्या शेजारी एक जुनं, घडीवर फाटत आलेलं पत्र ठेवलं.

"चित्र कुठल्या बाजूला होतं?" त्यांनी विचारलं.

"उजव्या. गाल टेकतो त्याच्या जरा खाली."

"घरच होतं ना? नक्की?"

"घर होतं. धुराडं होतं. शेजारी एक तिरकी रेघ होती, लांबलचक. मला वाटलं, त्याची सुरी घसरली."

हेल्वीबाईंनी कप खाली ठेवला. "सुरी नाही घसरली, मास्तर. ती आमच्या विहिरीची दांडी. पाणी वर काढायची."

मग त्यांनी सांगितलं. आर्ने त्यांचा भाऊ. एकवीस वर्षांचा होता. एकोणचाळीसच्या शरदात लढाई सुरू व्हायच्या आधी सहा आठवडे ही पोरं सरहद्दीवर नुसती वाट बघत बसली होती. तेव्हा त्याने बंदुकीच्या दस्त्यावर कोरकाम केलं. फेब्रुवारीत त्याला निरोप घेऊन स्कीवर पाठवलं. आखूड हत्यार हवं म्हणून त्याने आपली बंदूक ओन्नी नावाच्या मित्रापाशी ठेवली आणि त्याची छोटी मशीनगन नेली. तो पोचला नाही. सापडलाही नाही. आमच्याकडे लढाईत पडलेल्या माणसाला घरी आणून चर्चच्या आवारात पुरतात, कितीही लांबून आणावं लागलं तरी. आर्नेला आणता आलं नाही. न आलेल्यांचा एक दगड आहे, त्यावर त्याचं नाव आहे, दगडाखाली कुणी नाही.

पत्र ओन्नीचं होतं, चाळीसच्या वसंतात इस्पितळातून लिहिलेलं. हेल्वीबाईंना ते पाठ असावं, तरी त्यांनी बोट ठेवून वाचलं. 'दस्त्यावर त्याने तुमचं घर काढलं आणि विहीर काढली. खाली हेल्वीसाठी एक ओळ लिहिली. मी बघायला गेलो तर हाताने झाकली आणि हसत सुटला, म्हणाला, ही तिनेच पहिल्यांदा वाचायची. मी जखमी झालो तेव्हा बंदूक माझ्याकडून काढून घेतली. कुठे गेली माहीत नाही.' ओन्नी पुढच्या लढाईत, बेचाळीस साली गेला.

"त्रेपन्न वर्षं झाली," हेल्वीबाई म्हणाल्या. "मी कोठारांना पत्रं लिहिली. एकदा मिक्केलीपर्यंत जाऊन आले. इतक्या बंदुका, कोण शोधणार? मग परवा हे वाचलं." त्यांनी कात्रणावर हात ठेवला. "काय लिहिलं होतं खाली?"

इर्या चुलीपाशी उभी होती ती तशीच उभी राहिली.

"पुसट झालं होतं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "स्पष्ट होतं."

"मग?"

"मी वाचलं नाही."

हेल्वीबाईंना ते लगेच कळलंच नाही. त्यांनी परत विचारलं, वाचता येण्यासारखं होतं ना? मास्तर म्हणाले, होतं. तुमच्यासमोर होतं ना? होतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता; खरोखरच न समजल्यासारखं त्या म्हणाल्या, "एक ओळ तर होती." 

मग त्यांनी बंदूक बघायला मागितली. मास्तरांनी कपाटाचं कुलूप काढून ती आणली आणि टेबलावर चादर टाकून ठेवली. हेल्वीबाईंनी उजव्या बाजूवरून हात फिरवला, एकदा, परत एकदा. "किती गुळगुळीत केलंय," त्या म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. उभ्या आयुष्यात हे वाक्य मास्तरांनी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी ते ऐकून त्यांना उठून खिडकीशी जावं लागलं.

बस निघून गेल्यावर मास्तरांनी सगळं घर उलटंपालटं केलं. ऑक्टोबरातला तो फोटो सापडला. त्यात ते हसत होते आणि बंदुकीची डावी बाजू पुढे होती. त्यांनी कायानीच्या दुकानदाराला फोन लावला. त्याला चित्र आठवत होतं, अक्षरं नाही. मग ते शेडमध्ये जाऊन पकडीपुढे बसले आणि आठवू लागले. जानेवारीतली ती सकाळ त्यांना कणाकणाने आठवत होती. रंध्याचं पातं कितपत पुढे काढलं होतं, पहिला झिलपा कुठल्या बाजूला वळला होता, रेडिओवर कसली बातमी लागली होती, हे सगळं आठवत होतं. ओळीच्या जागी मात्र नुसती ओळ आठवत होती. डोळ्यांसमोरून गेलेलं अक्षर मनात उतरायला माणसाला निदान त्याची दखल तरी घ्यावी लागते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दिवा आडवा धरून भिंगातून दस्ता पाहिला. लाकडात टाचणीने टोचावीत तशी बारीक छिद्रं होती. तेल लावताना त्यांना ती लाकडाचीच वाटली होती. आता मोजली तर आठ निघाली. दोन-दोनच्या चार जोड्या, सगळ्या एका सरळ रेषेत. आमच्या लिपीत काही अक्षरांच्या डोक्यावर दोन ठिपके असतात. आर्नेने अक्षरं सुरीच्या धारेने ओढली होती, पण ठिपके देताना टोक दाबून फिरवलं होतं. ते खोल गेले होते. अक्षरं रंध्याखाली गेली आणि त्यांच्या डोक्यावरचे ठिपके तेवढे राहिले.

त्यांनी पातळ कागद ठेवून ठिपके उतरवून घेतले, पट्टीने अंतरं मोजली, आणि मग त्या अंतरांत बसतील असे शब्द शोधू लागले. मे महिना त्यात गेला. बटाटे लावायचे राहिले. वह्यांवर वह्या भरल्या. ते शब्द लिहायचे, मोजायचे, खोडायचे. कधी कधी एखादं वाक्य असं चपखल बसायचं की त्यांना वाटायचं, हेच, हेच पाहिलं होतं मी. आणि दुसऱ्या दिवशी तितकंच चपखल दुसरं बसायचं. एका संध्याकाळी त्यांनी इर्याला एक वाक्य वाचून दाखवलं: 'प्रिय हेल्वी, बर्फ वितळण्यापूर्वी मी घरी परत येईन.' चारही जोड्या जागच्या जागी बसत होत्या.

इर्या मोजे विणत होती. तिने सुया थांबवल्या. "कालेर्वो, तू हे वाचतोयस की लिहितोयस?"

"ठिपके जुळतात."

"ते मला दिसतंय. मी दुसरंच विचारलं."

त्यावर ते रागावून उठून गेले. जूनच्या पहिल्या शनिवारी त्यांनी गाडी काढली आणि कुह्मोला गेले. वाटेत त्यांनी स्वतःची समजूत घातली. बाई सदुसष्ट वर्षांची आहे, तिचं कुणी नाही, एक वाक्य मिळालं तर तिचे दिवस बरे जातील. आणि कोण सांगावं, तेच असेलही. हे त्यांना कुह्मोच्या पाटीपर्यंत पटत होतं.

हेल्वीबाईंनी कॉफी केली, तांदळाच्या सारणाच्या पातळ पोळ्या गरम केल्या. मास्तर म्हणाले, "मला आठवलं," आणि वाक्य म्हणून दाखवलं. हेल्वीबाईंनी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं होतं. ते हळूहळू मावळताना मास्तरांनी पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मास्तरांचं वाक्य आहे."

मास्तरांनी हातातली पोळी बशीत ठेवली.

"आर्ने चौथीनंतर शाळेत गेला नाही. 'वितळण्यापूर्वी' असं त्याने मेला तरी लिहिलं नसतं. आणि 'प्रिय'!" त्या किंचित हसल्या. "माझ्याशी तो कधी गोड बोललाच नाही. बेडकी म्हणायचा, गळकी बादली म्हणायचा. ओन्नीने लिहिलंय ना, हसत सुटला म्हणून. काहीतरी वात्रटपणा केला असणार. मी वाचून चिडावं, असं काहीतरी."

तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं. ठिपके, मोजमापं, वह्या, वाटेत घातलेली समजूत, सगळंच. खिशातून तो पातळ कागद काढून टेबलावर ठेवला. हेल्वीबाईंनी चष्मा लावला आणि ते आठ ठिपके पाहिले. त्यांवरून हळूच बोट नेलं.

"हे त्याने केलेत?"

"हे त्याने केलेत."

"मग हे माझ्यापाशी राहू द्या," त्या म्हणाल्या. "वाक्य तुमचं तुम्ही परत घेऊन जा."

आपल्याला आता दार दाखवणार, असं मास्तरांना वाटत होतं. पण हेल्वीबाई म्हणाल्या, गाडी आणलीच आहे, तर मला आमच्या जुन्या घरी नेता का? बस जात नाही तिकडे. बारा वर्षांत गेले नाही.

शेवटचे दोन किलोमीटर चालावं लागलं. डासांचे नुसते ढग होते. घर एकोणीसशे चाळीसमध्येच जळलं होतं. त्या जागी पायाचे दगड होते आणि मध्ये धुराड्याचा ढीग, त्यातून एक रोवनचं झाड उगवलेलं. शेतात सगळा बर्च माजला होता. हेल्वीबाई काठी टेकत सांगत होत्या, इथे गोठा, इथे सौना. विहिरीच्या कडेचे दगड शेवाळात सापडले. त्यावर फळ्या टाकलेल्या होत्या.

मास्तर विहिरीपाशी उभे राहून घराच्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चित्रात दांडी घराच्या डाव्या हाताला होती."

"डाव्या?"

"डाव्या. आणि धुराडं उजवीकडे सरकलेलं. हे मी शपथेवर सांगतो. तिथूनच मी रंधा लावायला सुरुवात केली."

हेल्वीबाईंनी घराकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. त्यांची खिडकी, अंगण, शेत, सगळं दुसऱ्या बाजूला होतं. तिकडून विहीर उजवीकडे दिसते. त्या हळूहळू घराला वळसा घालून चालू लागल्या. मास्तर मागोमाग गेले. उंच गवतातून, रानरास्पबेरीच्या काट्यांतून त्या चढावर गेल्या, जिथे पूर्वी गाडीवाट होती, आणि तिथे वळून उभ्या राहिल्या. तिथून विहीर डावीकडे आली, धुराड्याचा ढीग उजवीकडे.

"ही जायची वाट," त्या म्हणाल्या. "इथून तो गेला. आम्ही मागच्या दारात उभे होतो. मला वाटायचं, त्याने मागे वळून पाहिलंच नाही. आई तेच म्हणत गेली. पण घर असं दिसतं ते इथून वळून पाहिल्यावरच."

मास्तर टोपीने त्यांच्यावरचे डास वारत राहिले. दुसरं करण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

त्या शरदात मास्तरांनी ती बंदूक तालुक्याच्या लहानशा संग्रहालयाला देऊन टाकली. तिच्यातून त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती. संग्रहालयातल्या बाईंनी पाटीचा मजकूर लिहून आणला. बंदुकीचा प्रकार, साल, आणि 'लाकूडकामाचे शिक्षक का. युन्तुनेन यांनी परिश्रमपूर्वक पूर्ववत केलेली'. मास्तरांनी तो कागद परत दिला आणि स्वतः लिहिलेला पुढे केला. त्यावर होतं: 'ही आर्ने तोलोनेन याची बंदूक. दस्त्यावर त्याने आपलं घर काढलं होतं आणि बहिणीसाठी एक ओळ लिहिली होती. मी ती न वाचता काढून टाकली. कालेर्वो युन्तुनेन.' संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, असं कसं लावणार, लोक काय म्हणतील? मास्तर म्हणाले, हे लावणार नसाल तर मी बंदूक परत नेतो.

पाटी लागली त्या आठवड्यात हेल्वीबाई बघायला आल्या. मास्तर आणि इर्या दोघंही होते. हेल्वीबाईंनी पाटी दोनदा वाचली.

"तुमचं नाव कशाला घातलंत?" त्या म्हणाल्या. "नुसतं 'काढून टाकली' म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"असू दे," मास्तर म्हणाले.

मग तिघंही समोरच्या कॉफीच्या दुकानात गेली. इर्याने हेल्वीबाईंना विचारलं, आर्ने तुम्हाला बेडकी का म्हणायचा? हेल्वीबाई सांगू लागल्या. गोष्ट लांब होती आणि त्या ती रंगवून सांगत होत्या. इर्या हसत होती. मास्तर ऐकत होते, एकही शब्द निसटू नये म्हणून पुढे वाकून. त्यांची कॉफी पार गार होऊन गेली.